साडेचारशे विषम आणि एक गाळा

आमच्या बिल्डिंगमध्ये एकशे दोन नंबरची खोली नाही. एकशे चार नाही, सहा नाही, आठही नाही. मारुंजीत जेवण, कपडे, औषधं पोचवत फिरणाऱ्या पोरांना हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. एखादा येतो, त्याला एकशे नऊ हवी असते. तो पहिल्या मजल्यावर पाच दारं मोजतो आणि उरलेली चार शोधत गच्चीपर्यंत जाऊन परत येतो. "मॅडम, बाकी के रूम पीछे हैं क्या?" मागं नाला आहे रे बाबा, नाल्यात कोण रूम बांधतं? पाचवं दार म्हणजेच एकशे नऊ. मग तो माझ्याकडं असा बघतो, जशा काही चार खोल्या मीच कुठंतरी दडवून ठेवल्यात.

हा सगळा कारभार आबांचा. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या मते सम आकडा घरात ठेवू नये, कारण तो बरोबर मधोमध भागला जातो. "जे भागतंय त्येची वाटणी व्हती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांची आणि त्यांच्या भावाची वाटणी झाली तेव्हा पौडहून मोजणीवाले आले होते. मोजणी झाली, भाताच्या खाचरातून मधोमध बांध पडला, आणि आबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या बाजूची चार हात जमीन त्या मोजणीत गेली ती गेलीच. तेव्हापासून दोन्ही घरांत फक्त लग्नापुरतं येणंजाणं आहे. आणि तेव्हापासून आबांनी सम आकड्याशी उभा दावा मांडलाय.

आता आहेरात एकावन्न किंवा एकशे एक द्यायचे, पूजेला पाच सुवासिनी बोलवायच्या, गणपतीला एकवीस मोदक ठेवायचे, हे सगळेच करतात. आबा त्याच्या पुष्कळ पुढं गेलेत. डझनभर केळी घेतली की एक दुकानातच उभ्या उभ्या खाऊन येतात. जिन्याला पायऱ्या सोळा झाल्या म्हणून खाली एक बुटकी सतरावी बांधून घेतली, तिच्यावर आजवर प्रत्येक भाडेकरू एकदा तरी अडखळलाय. देवानं त्यांना मुलगे दोनच दिले, यात देवाचाच काहीतरी घोळ झाला असं त्यांना वाटतं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी एकदा जेवताना बोलून गेले की आबा, तेरावासुद्धा विषमच असतो. त्यानंतर पानावर जी शांतता पसरली ती ताक वाढेपर्यंत टिकली.

मी पौडची. गणित घेऊन बी.एस्सी. केलं, आणि लग्नानंतर इथं दहावीच्या मुलांचा क्लास सुरू केला. क्लास कुठं, तर पार्किंगमध्ये. दोन खांबांच्या मध्ये सतरंजी, खांबाला टेकवलेला फळा, आणि मुलांच्या पाठीमागं भाडेकऱ्यांच्या गाड्या. मी पायथागोरसच्या प्रमेयात कर्णापर्यंत पोचते न पोचते तोच शिफ्ट सुटलेला कुणीतरी यायचा आणि म्हणायचा, "सॉरी मॅम, जरा बाइक लावायची होती." सगळी सतरंजी उचलायची, बाइक आत घ्यायची, सतरंजी परत अंथरायची. तोवर कर्ण कुठला आणि पाया कुठला हे मुलं विसरलेली असायची. मीही.

आणि त्याच पार्किंगच्या कडेला, माझ्या नाकासमोर, एक गाळा रिकामा पडून होता. चांगला ऐसपैस, शटरचा, रस्त्याच्या बाजूला तोंड असलेला. मला तो गाळा हवा होता. इतका हवा होता की रात्री झोपेत मी त्याला रंग द्यायचे. पण माझ्या धाकट्या दिरांनाही तो हवा होता, स्वतःसाठी नव्हे, एका चायनीजच्या गाडीवाल्यासाठी. तो माणूस हिंजवडीच्या चौकात गाडी लावायचा आणि आता पक्कं दुकान शोधत होता. भाऊजी भाडेकऱ्यांना खोल्या दाखवण्याचं काम बघतात, त्यामुळं व्यवहार म्हणून ते बरोबरच होतं. पण खरी गोष्ट अशी की भाऊजींना मंचुरियन जीव की प्राण आहे, आणि ते घराखालीच मिळावं या पलीकडं त्यांची काही महत्त्वाकांक्षा नव्हती.

आबा दोघांनाही हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. मी विचारलं की म्हणायचे, "बघू." भाऊजींनी विचारलं की म्हणायचे, "बघू की." पुढं मला कळलं, त्यांना भीती कसली होती ते. गाळा एक आणि मुलगे दोन. एका घरात दिला की दुसरा रुसणार. गाळ्यावरून बांध पडायला वेळ लागत नाही. आमचे हे तर या विषयात पडायलाच तयार नव्हते. "आबा म्हणतील तसं," एवढं बोलून ते कंपनीच्या बसमध्ये बसायचे. असा नवरा असला की बाईला स्वतःच भांडावं लागतं, आणि मला ते बरं जमतं.

एका संध्याकाळी ओट्यावर चहा चालला होता. आबांच्या डोक्यात नाल्याकडच्या पट्ट्यात अजून एक बिल्डिंग बांधायचं चाललं होतं, आणि ती झाली की आणखी एक. ते मध्येच म्हणाले, "सूनबाई, तू गणितवाली. तीन आकडी विषम नंबर समदे मिळून किती असत्यात? खोल्यांना पुरतील का न्हाई?"

मी बशी खाली न ठेवता म्हटलं, "साडेचारशे."

"पाचशे," आबा म्हणाले.

"साडेचारशे, आबा."

"आगं, हजाराचं निम्मं किती? पाचशे. निम्मे सम, निम्मे विषम. ह्येला बी.येस्सी. कशाला पायजे?"

मी समजावलं. शेकड्याच्या जागी एक ते नऊ, म्हणजे नऊ आकडे बसतात. दशकाच्या जागी शून्यासकट दहा. एककाच्या जागी एक, तीन, पाच, सात, नऊ, हे पाचच. नऊ गुणिले दहा गुणिले पाच, साडेचारशे. माझ्या क्लासमधलं कुठलंही पोर हे एका दमात सांगेल. आबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पन्नास कुटं गेले?"

"कुठं जातील? ते नव्हतेच."

"नव्हते कसे? पाचशे हायेत आन तू साडेचारशे सांगतीस. म्हंजे मोजणीत पन्नास गेले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोजणी हा शब्द आला की आबांपुढं कुणाचंच चालत नाही. त्यात त्यांनी आणखी एक काढलं, की इतके सगळे विषम आकडे एकत्र केले तर त्यांची भरती समच कशी येईल, साडेचारशे हा आकडाच मुळात संशयास्पद आहे. मी म्हटलं, आबा, पाचशे तरी कुठं विषम आहे? आबांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "ते बी बघाय लागंल."

भाऊजी दारात उभं राहून हसत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आबा, साडेचारशे निघाले तर गाळा मला द्याल?"

मला वाटलं, ओरडतील. पण आबांचा चेहरा एकदम उजळला. आज विचार केला की कळतं, त्यांना सुटल्यासारखं झालं असणार. आता त्यांना कुणा एका पोराच्या बाजूनं निवाडा द्यायचा नव्हता, आकडेच निवाडा देणार होते. "दिला," ते म्हणाले. "बरोब्बर साडेचारशे भरले तर गाळा तुझा. न्हाई भरले तर चायनीज. पण गुणाकार न्हाई चालायचा. येकेक आकडा काढायचा आन मोजायचा."

"एकेक? आबा, साडेचारशे आहेत."

"पाचशे हायेत," आबा म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही सगळे गच्चीवर जमलो. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर कासार आंबोलीचं, आणि तिथल्या चिंचेच्या झाडामुळं आमच्या घरी वर्षभर चिंचोके असतात. त्या चिंचोक्यांचं गाठोडं आणि एक टोपली घेऊन बसल्या. पद्धत अशी ठरली: मी आकडा पुकारायचा, आबांनी तो विषम असल्याची खात्री करायची, आणि मग आत्याबाईंनी एक चिंचोका टोपलीत टाकायचा. मी मधले आकडे गाळत नाही ना, हे बघायला भाऊजी. आमचे हे त्या दिवशी ओव्हरटाइमला गेले. रविवारी. असू दे.

"एकशे एक," मी म्हटलं. टक्. "एकशे तीन." टक्.

एकशे नऊपर्यंत सुरळीत गेलं. मी एकशे अकरा म्हणताच आबांनी हात वर केला. "येकशे धा का सोडला?"

"तो सम आहे."

"त्येच्यात येक हाय, परत येक हाय, आन शून्य हाय. दोन विषम, येकच सम. बहुमत हाय की."

आबा दोन वेळा ग्रामपंचायतीत निवडून आलेले आहेत, त्याचा हा परिणाम. मी सांगितलं की आकडा सम का विषम हे फक्त शेवटच्या अंकावरून ठरतं, आधीच्या दोघांना मत नसतं. आबांना हे अजिबात पटलं नाही. "शेपूट बघून बैल घेत्यात का कुणी?" असं त्यांनी आत्याबाईंना विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "एकशे दहा चिंचोक्यांच्या दोन सारख्या वाटण्या हुत्यात का न्हाई ते बोला." पंचावन्न आणि पंचावन्न. वाटणी होते म्हटल्यावर आबांनी एकशे दहाचा नाद सोडला.

पण शेकडा विषम असला की त्यात एकदा तरी ते अडायचेच. तीनशे तीसला अडले, पाचशे पन्नासला तर चांगलेच अडले. ऊन चढलं. भाडेकरू कपडे वाळत घालायला आले ते तिथंच थांबले. एकशे सातमधल्या मुलीनं सहाशेपासून माझ्याबरोबर पुकारायला सुरुवात केली, आणि सातशेच्या घरात पोचेपर्यंत आठदहा जण एका सुरात ओरडत होते. खाली रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं असेल की आमच्याकडं पारायण बसलंय. भाऊजी आठशेला टाकीला टेकून झोपले, नऊशेला जागे झाले आणि काहीच घडलं नाही असं दाखवत म्हणाले, "बरोबर चाललंय."

"नऊशे नव्याण्णव." टक्. माझा आवाज पार गेला होता.

आता टोपलीतले चिंचोके मोजायचे. इथं आबांनी सूत्रं हातात घेतली, कारण मोजणं हे त्यांचं काम. पूर्वी आमच्याकडं भाताची रास पडायची तेव्हा पायलीनं माप घालायचे ते आबाच. मांडी घालून, टोपी सरळ करून, ते टोपलीसमोर बसले. पाच चिंचोक्यांची एक मूठ उचलायची, मी खाली अंथरलेल्या ओढणीवर टाकायची, पुढची उचलायची. दर मुठीला भाऊजींनी टाकीच्या भिंतीवर खडूनं एक रेघ ओढायची.

"लाभ," आबा म्हणाले, आणि पहिली मूठ टाकली. रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझ्या माहेरीही तसंच. लाभ, मग दोन, मग तीन. आबांचा आवाज त्या एका शब्दावर असा काही भरून आला की गच्चीवरचे भाडेकरूसुद्धा गप्प झाले. किती वर्षांनी ते काहीतरी मोजत होते.

मुठी पडत होत्या, रेघा वाढत होत्या. मी मनातल्या मनात धरत होते, नव्वद मुठी झाल्या पाहिजेत. साठीच्या पुढं कुठंतरी गच्चीचं दार उघडलं आणि हातात पिशवी घेतलेला एक पोरगा आत आला. "एक सौ नौ किधर है? नीचे तो पाच ही रूम हैं."

आबांची मूठ हवेतच राहिली. त्यांनी त्या पोराकडं बघितलं, मग मुठीकडं, मग आमच्याकडं. आकडा विसरला होता. ते म्हणाले, "जाऊ दे, रेघा हायेत," आणि उरलेल्या मुठी तोंडानं न मोजता टाकल्या. रेघा मोजायचं काम माझ्याकडं आलं. मी मोजल्या. परत मोजल्या. एकोणनव्वद.

एकोणनव्वद पंचे चारशे पंचेचाळीस.

"विषम," आबा समाधानानं म्हणाले. "म्या म्हटलं न्हवतं?" पाचशे म्हटलं होतं, ते विसरून. मग त्यांनाच आठवलं की प्रश्न गाळ्याचा आहे, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "साडेचारशे भरले न्हाईत, सूनबाई. बोलणं झालंय."

भाऊजींनी फोन बाहेर काढला. मला रडू आलं, आणि सगळ्या भाडेकऱ्यांसमोर रडू आल्याचा भयंकर राग आला. मी म्हटलं, परत मोजा. आबा नाही म्हणाले. रास एकदाच मोजायची असते, दुसऱ्यांदा माप घातलं की त्यातली बरकत जाते. त्यांच्या वडिलांनी घातलेला नियम होता, आणि तो मोडायला आबा तयार नव्हते. आत्याबाई नुसत्या रिकाम्या टोपलीकडं बघत बसल्या.

मी ओढणीवरच्या चिंचोक्यांकडं बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं तरी डोकं चालू होतं, ही गणिताची मेहरबानी. एखादा चिंचोका घरंगळला असता तर एक कमी भरला असता. मी चुकून दोन आकडे गाळले असते तर दोन कमी. पण इथं पाच कमी होते. नेमके पाच. पाच म्हणजे पुरती एक मूठ. म्हणजे चिंचोके नाही, रेघ कमी होती.

"भाऊजी," मी विचारलं, "आबा लाभ म्हणाले तेव्हा रेघ मारलीत?"

"लाभला कशाला?" भाऊजी म्हणाले. "मोजायला लागले तेव्हा मारली की. दोन म्हटल्यावर पहिली."

"आणि लाभ?"

"ते आधी नुसतं म्हणायचं असतं ना वहिनी? पूजेच्या आधी गणपतीचं नाव घेतात तसं."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि एकशे सातच्या मुलीनं त्यांना पाणी दिलं. मीही हसत होते, रडतही होते. भाडेकऱ्यांना काही कळलं नव्हतं तरी ते हसत होते. फक्त आबा हसत नव्हते. ते भाऊजींकडं टक लावून बघत होते.

"तुला लाभ म्हाईत न्हाई?" त्यांनी विचारलं.

भाऊजी ओशाळले. "मी कुठं बघितलंय, आबा?"

खरंच होतं. भाऊजी शाळेत जायला लागायच्या आधीच खाचरं गेली होती. तिथं आता हीच बिल्डिंग आहे. या घरात त्यांच्या डोळ्यांसमोर कधी रासच पडली नाही, तर माप कुठलं आणि लाभ कुठला. तांदूळ ते दुकानातून आणतात, पाच किलोची पिशवी, आबांसाठी मुद्दाम. आबांनी ओढणीवरचे चिंचोके हातानं एकत्र ओढले. मला त्या क्षणी गाळ्याचं काहीच वाटेनासं झालं, नुसतं त्यांचं वाईट वाटलं.

"तुझी चूक न्हाई," ते शेवटी म्हणाले. "म्याच कदी दावलं न्हाई. मार रेघ."

भाऊजींनी रेघ मारली. नव्वद झाल्या. आबांनी भाऊजींच्या हातातून फोन घेतला, चायनीजवाल्याला लावला आणि त्याला कळो न कळो, मराठीतच सांगितलं, "गाळा मिळनार न्हाई. हितं शाळा व्हनार हाय." मग फोन परत देऊन भाऊजींना म्हणाले, "तू बस हितं," आणि त्यांना एकेक मूठ उचलून माप कसं घालायचं ते दाखवायला लागले. भाऊजी गुमान शिकले. लाभ, दोन, तीन. रुसले नाहीत. उलट गाळ्याला रंग द्यायला तेच आले, फक्त रंग देताना दिवसभर मंचुरियनबद्दल बोलत होते.

आबांचं मात्र समाधान झालं नव्हतं. रंग चालू असताना ते रोज दारात येऊन उभे राहायचे. "गाळा दिला, त्याचं काय न्हाई. पण माझे पन्नास कुटं गेले ते तू अजून सांगितलं न्हाईस." मी म्हणायचे, नंतर सांगते आबा, हात भरलेत.

क्लास गाळ्यात सुरू झाला तो सोमवार होता. मुलं आली, बाकांवर बसली. शटर वर, पंखा चालू, फळा खिळ्यावर. मला कुणी सतरंजी उचला म्हणणार नव्हतं. मी नारळ फोडायला घेतला, तेवढ्यात आबा आत आले आणि त्यांनी बाकांवरून बोट फिरवत मोजायला सुरुवात केली. लाभ, दोन, तीन. मी मोजायचंच विसरले होते.

"अठरा," आबा म्हणाले. "सूनबाई, येकाला उद्याच्याला बोलीव."

शेवटच्या बाकावर समोरच्या सोसायटीतल्या वॉचमनची मुलगी बसली होती. तिचं नाव सगळ्यात शेवटी नोंदलं होतं, आणि मराठी तिला अजून पुरतं येत नसलं तरी अठरा तिला कळलं असावं. ती दप्तर छातीशी धरून उठायला लागली.

"बस खाली," मी तिला म्हटलं. मग आबांकडं वळले. "एकालाही घालवणार नाही. गाळा मला दिलाय तुम्ही. अठरा तर अठरा."

मुलांसमोर सासऱ्यांशी असं बोलणं बरं दिसत नाही, हे मला कळत होतं. पण बोलले. आबा वळले आणि तडक बाहेर गेले. मला वाटलं, गेला गाळा. आता कुलूप घेऊन येतील. मी नारळ हातात घेऊन तशीच उभी राहिले.

आबा परत आले ते ओट्यावरची प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन. त्यांनी ती शेवटच्या बाकाशेजारी ठेवली, टोपी काढून मांडीवर घेतली आणि बसले.

"येकोणीस," ते म्हणाले. "कर चालू."

मुलं खुसुखुसु हसली. मी नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि खडू हातात घेतला तर शेवटून हात वर. "आदी माझे पन्नास."

मग मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर दगड काढले. शंभरावर एक, दोनशेवर एक, असे हजारापर्यंत. "आबा, हे बांधाचे दगड. किती?"

"धा."

"आणि दोन दगडांच्या मधली वावरं?"

आबा बोलायला गेले आणि थांबले. बोटानं हवेत मोजलं. "नऊ," ते हळूच म्हणाले.

"एका वावरात पन्नास विषम. नऊ वावरांत?"

"साडेचारशे." त्यांनी फळ्याकडं डोळे बारीक करून बघितलं. "आन शंभराच्या अलीकडं?"

मी रेघ डावीकडं वाढवली. "एक ते नव्याण्णव. एक आकडी विषम पाच, दोन आकडी पंचेचाळीस. किती?"

"पन्नास."

"हे तुमचे पन्नास. तीन आकडीच मोजायचे म्हणून तुम्हीच बाहेर ठेवलेले. गेले कुठंच नाहीत."

आबा त्या पहिल्या वावराकडं बघत बसले. मग शेजारच्या वॉचमनच्या मुलीला, जणू ती त्यांच्याच वयाची असल्यासारखं, म्हणाले, "मोजणीत गेलेलं परत घावल्यालं म्या पयल्यांदा बघतुया." तिनं मान हलवली. किती कळलं तिला, कुणास ठाऊक. मला मात्र पाठ फिरवून फळा पुसावा लागला.

आठवडाभर आबा रोज आले. संख्येच्या ताळ्यासाठी यावं लागतंय, नाहीतर आपल्याला काय पडलंय, असं येताजाता प्रत्येकाला सांगत. पुढच्या सोमवारी नेऱ्याहून एक मुलगा नवीन आला. मुलं एकोणीस झाली. मी मनात म्हटलं, सुटले आबा, आता त्यांना यायचं कारण नाही. आणि मला चक्क वाईट वाटलं.

आबा दारात आले, हातात खुर्ची होती. त्यांनी बाकांवरून बोट फिरवलं, ओठ हलले, शेवटच्या बाकापाशी बोट थांबलं. माझ्याकडं बघितलं. मी फळा पुसायला घेतला. मग ते आत आले, खुर्ची नेहमीच्या जागी ठेवली, टोपी मांडीवर घेतली आणि नव्या मुलाला म्हणाले, "जरा तिकडं सरक, मला फळा दिसत न्हाई."

वीस जण झाले होते. मी फळ्यावर तारीख लिहिली आणि शिकवायला सुरुवात केली.